जीजी जरीना बलोच ऐकायचीये? मग सुरुवात लग्नाच्या गाण्यांपासून करा

सिंधी गाणं ऐकायचंय, कुठून सुरू करू, असं कुणी विचारलं की बहुतेक जण डोळे झाकून आबिदा परवीनचं नाव सांगतात. चूक काही नाही त्यात, पण मला विचाराल तर ते म्हणजे पोळ्या शिकायला आलेल्याला पहिल्याच दिवशी पुरणपोळी लाटायला बसवल्यासारखं आहे. आबिदा तुम्हाला उचलूनच नेते, भाषा कळो न कळो, आणि मग भाषेकडे लक्षच जात नाही. मी उल्हासनगरची, चार नंबर कॅम्पात वाढलेली, आमच्या भिंतीला भिंत लागून सिंधी घर, आणि तरी चाळिशी येईपर्यंत सिंधी गाणं म्हणजे लग्नाच्या वरातीतलं हो जमालो एवढीच माझी धाव होती. मग शेजारच्या आंटींच्या कृपेने सिंधमधली गायिका जरीना बलोच सापडली आणि मी गेली काही वर्षं तिच्याच मागे लागलेय. खाली जे लिहितेय ती माझी चुकत माकत बसवलेली पद्धत आहे, गाण्याचं शिक्षण वगैरे मला अजिबात नाही हे आधीच सांगून टाकते.

एकच गोष्ट धरून ठेवा, क्रम बदलू नका. आधी लग्नाची गाणी, मग तिचं आयुष्य, मग चळवळीची गाणी आणि सूफी कवी शाह लतीफ सगळ्यात शेवटी. मी नेमकं उलटं केलं होतं आणि वर्षभर मला वाटत होतं की ही बाई फार कडक आवाजाची आहे बुवा.

नाव शोधण्याची खटपट

ऐकायला सोपं वाटतं पण इथेच माझे दोन दिवस गेले. नुसतं जरीना टाकलं की हिंदी सिनेमातल्या बायका येतात, बलोच टाकलं की बलुची गाणी येतात जी वेगळीच भाषा आहे. जरीना बलोच हे नाव बलोच असलं तरी गाणं सिंधी आहे, सिंधमध्ये बलोच घराणी कित्येक पिढ्या सिंधीच बोलत आलीयेत. इंग्रजीत स्पेलिंगही धड एक नाही, कुणी एक ई लावतं कुणी दोन, कुणी आय लावतं. तर नावाच्या आधी जीजी टाका, म्हणजे निम्मा कचरा गाळला जातो. आणि सगळ्यात भारी युक्ती म्हणजे विकिपीडियावर तिचं पान उघडायचं, भाषांच्या यादीतून सिंधी निवडायची आणि वरचं नाव कॉपी करून यूट्यूबच्या सर्चमध्ये पेस्ट करायचं. ती अरबी वळणाची लिपी वाचता आली नाही तरी चालतं, कॉपी पेस्टला लिपी लागत नाही. असं केल्यावर सिंधमधल्या लोकांनी टाकलेली जुनी रेकॉर्डिंग्ज येतात, रेडिओची, टीव्हीची, कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली, मागे खरखर असलेली.

टायटलवर मात्र विश्वास ठेवू नका. फोटो जीजीचा आणि आवाज दुसरीचाच असं सर्रास असतं, मी एक गाणं सहा महिने जीजीचं म्हणून ऐकत होते ते निघालं रुबिना कुरेशीचं. एकदा आवाज कानात बसला की चूक पटकन कळते, तोवर थोडं फसायचं.

जीजी म्हणजे काय ते पण सांगते. सिंधीत जीजी किंवा जीजल म्हणजे आई, मानाने म्हणायचं. आपल्याकडेही काही घरांत आजीला जिजी म्हणतातच की. तिला अख्खं सिंध जीजी म्हणतं, आणि आता आईच म्हटल्यावर मी तिला अहोजाहो करत नाहीये, उगाच कुणाला खटकू नये म्हणून सांगितलं.

पहिले दोन आठवडे फक्त लाडा

लाडा म्हणजे सिंधी लग्नातली बायकांची गाणी. लग्नाच्या आधी घरात बायका जमायच्या, मधे ढोलकी, एखादी थाळी किंवा मडकं वाजवणारी, एक जण ओळ टाकते आणि बाकीच्या उचलतात. आपल्या घाण्याच्या किंवा हळदीच्या गाण्यांसारखंच, फक्त ताल जास्त उड्या मारणारा. हिंदू सिंधी असो की मुसलमान, लाडा दोघांकडे आहेत. म्हणूनच फाळणीनंतर ते इकडे उल्हासनगर, पिंपरी, कुठे कुठे बायकांच्या तोंडून आले, सामानात काही आणता आलं नाही तरी हे आलं.

सुरुवातीला एकच गाणं घ्या, मोर थो टिले राणा. हे लोकगीत आहे, पुष्कळांनी गायलंय, पण जीजीच्या आवाजात ते घराघरात पोचलं. अर्थ म्हणाल तर मोर डौलात चाललाय रे राणा, इतकाच. पहिल्यांदा अर्थाच्या नादी न लागता ऐका. दुसऱ्यांदा फक्त ताल ऐका, बोटाने टेबलावर धरा. तिसऱ्यांदा प्रत्येक ओळीचा शेवट ऐका, आणि इथे मजा आहे.

सिंधीत जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरावर संपतो. घर नाही, घरु. रात नाही, राति. बोलताना तो शेवटचा उ किंवा इ इतका बारीक असतो की आपल्या कानाला लागतच नाही, पण गाण्यात त्याला स्वतःची जागा मिळते, गाणारी त्यावर क्षणभर टेकते आणि पुढे जाते. आपल्याला हे परकं वाटायचं काही कारण नाही, ज्ञानेश्वरांच्या अभंगातलं विठ्ठलु आणि कर्नाटकु आठवा, तोच उकार. आपल्या भाषेतून तो गेला, त्यांच्याकडे राहिला. मला हे कळलं तेव्हा मी लोकलमध्ये होते, कानात हेडफोन, आणि विठ्ठलवाडी स्टेशन आलं होतं, आता याला योगायोग म्हणा नाहीतर काय म्हणा, मी उतरायचं विसरून पुढे गेले.

दुसरी ऐकायची गोष्ट म्हणजे आत ओढलेले आवाज. सिंधीत आपला ब आहे आणि आणखी एक ब आहे, देवनागरीत लिहिताना त्याच्याखाली आडवी रेघ देतात, ॿ असा. तसाच ॻ, ॼ आणि ॾ. एकूण चार. आपला ब म्हणताना हवा बाहेर फुटते, हा ॿ म्हणताना ओठ मिटायचे, गळा किंचित खाली ओढायचा आणि मग उघडायचं, सुरईतून पाणी ओतताना जो आवाज येतो ना साधारण तसा. हौस असेल तर आरशासमोर करून बघा, गळ्याची घाटी खाली जाताना दिसते. फरक छोटा वाटतो पण ॿारु म्हणजे मूल आणि बारु म्हणजे ओझं. मी आंटींच्या सुनेला बाळ झालं तेव्हा शहाणपणा करून सिंधीत अभिनंदन करायला गेले आणि ओझं आल्याबद्दल अभिनंदन करून आले. त्या हसत हसत खुर्चीत बसल्या, म्हणाल्या, सच बोला तूने, अब मालूम पड़ेगा उसको.

दोन या आकड्याला सिंधीत नुसतं ॿ म्हणतात. बे एके बे आठवलं ना? मलाही तेच आठवलं.

जीजीच्या आवाजात हे चार आवाज फार स्पष्ट येतात, शहरात वाढलेल्या नव्या गायक मुलामुलींच्या तोंडून ते कधी कधी गुळगुळीत होतात, हे माझं मत, भांडायला येऊ नका.

शब्द थोडेच पण नेमके

डिक्शनरी घेऊन बसायची काही गरज नाही. एक वही करा आणि हे शब्द लिहा, बाकी आपोआप जमतात.

आहे हा शब्द सिंधीतही आहे असाच आहे. हीउ छा आहे, म्हणजे हे काय आहे. तुंहिंजो नालो छा आहे, तुझं नाव काय आहे. हिंदीवाल्यांना इथे अडखळायला होतं, आपल्याला आयतं मिळतं. चा-ची-चे ऐवजी जो-जी-जा. मुंहिंजो म्हणजे माझा, तुंहिंजो तुझा. घोट म्हणजे नवरदेव, कुंवारि म्हणजे नवरी. अमां आई. सेहरा हा फुलांच्या मुंडावळ्यांसारखा असतो आणि त्यावरच्या गाण्यालाही सेहरोच म्हणतात. अबाणा म्हणजे बापजाद्यांचं घर, हा शब्द गाण्यात आला की म्हाताऱ्या बायका एकदम गप्प होतात, मी दोनदा बघितलंय.

एवढ्यावर लाड्याचा निम्मा अर्थ लागतो. उरलेला निम्मा लागला नाही तरी बिघडत नाही, बायका त्यात नवरदेवाच्या आत्याची टिंगल करत असतात, ती आपल्याकडे असते तशीच.

आता तिची गोष्ट, आणि ती या टप्प्यालाच

दोन आठवडे लाडा ऐकल्यावर तुमच्या डोक्यात एक बाई तयार होते, खेळकर, खणखणीत, चार बायकांत बसलेली. आता तिचं आयुष्य वाचा म्हणजे त्या आवाजाचं वजन कळेल.

जरीनाचा जन्म 29 डिसेंबर 1934 चा, सिंधमधल्या हैदराबादजवळच्या एका खेड्यातला. (तेलंगणातलं हैदराबाद नाही, कृपा करून. सिंधू नदीच्या काठचं.) सहा वर्षांची असताना आई गेली. नात्यातलेच मोहम्मद जुमन, जे पुढे काफी (म्हणजे सिंधी सूफी गीतं) गाण्यात मोठं नाव झाले, त्यांच्याकडून गाण्याचे धडे मिळाले. पंधराव्या वर्षी दूरच्या नात्यात लग्न, मग दोन मुलं, एक मुलगी एक मुलगा. तिला शिकायचं होतं, नवऱ्याला ते नको होतं. 1958 च्या सुमाराला ती वेगळी झाली.

इथे जरा थांबा आणि हिशोब करा. 1958, खेड्यातून आलेली मुसलमान घरातली बाई, तेवीस-चोवीस वर्षांची, पदरात दोन लेकरं, आणि ती शिकायचं म्हणून वेगळी राहते. आपल्या आज्यांमध्ये अशा किती होत्या?

हैदराबादला रेडिओ स्टेशन 1955 साली सुरू झालं होतं. त्या काळात सिंधी गायकांचा सगळा रस्ता त्याच दारातून जायचा, पुढे आबिदा परवीनसुद्धा त्याच दारातून आली. जरीना 1960 ला तिथे पोचली. रेडिओने काय केलं तर अंगणात बायकांनी बायकांसाठी गायचं गाणं उचलून माइकसमोर ठेवलं. नाव लागलं, आवाज लागला. हे फार साधं वाटतं, पण लाड्याला तोपर्यंत गाणारीचं नाव कधी नसायचंच, ते सगळ्या गल्लीचं असायचं.

आणि गंमत म्हणजे तिने गाण्यावर पोट भरलं नाही. 1967 पासून 1997 पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, ती सिंध विद्यापीठाच्या मॉडेल स्कूलमध्ये शिक्षिका होती. ज्या बाईला शिकू दिलं नाही ती मास्तरीण झाली. टीव्हीवर कामंही केली, डुंगी मंझ दर्या नावाचं पीटीव्हीचं, म्हणजे पाकिस्तानच्या सरकारी टीव्हीचं नाटक बरंच गाजलं (डुंगी म्हणजे होडी, मंझ म्हणजे मधे), ते बाहेरदेशी म्युनिकलाही वाखाणलं गेलं. लिहायचीही. पण माझ्या डोक्यात कायम ती शाळेतलीच येते, वही तपासणारी जीजी.

1964 ला तिने रसूल बख्श पलीजो यांच्याशी लग्न केलं. हे वकील, लेखक, डाव्या विचाराचे, शेतकरी चळवळीतले पुढारी. मुलगा अयाज लतीफ पलीजो, तोही पुढे वकील आणि राजकारणी झाला. नावातच बघा, अयाज हे कवी शेख अयाज यांच्यावरून आणि लतीफ शाह लतीफवरून असावं असं कुणालाही वाटेल, कारण घरात दोघंच बसलेले, एक जुना एक नवा.

मग चळवळीची गाणी

ही ऐकण्याआधी दोन मिनिटं इतिहास, नाहीतर ती नुसती आरडाओरड वाटेल, मला तशीच वाटली होती.

1955 साली पाकिस्तान सरकारने पश्चिमेकडचे सगळे प्रांत मिळून एकच युनिट केलं, वन युनिट. सिंध हा प्रांत नकाशावरून गेला. नाव गेलं आणि सरकारी कामात सिंधी भाषेची जागाही आवळत गेली. नेमकं त्याच सुमाराला आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ चालू होती, अमर शेख, अण्णाभाऊ साठे डफ घेऊन गावोगाव फिरत होते, म्हणजे भाषेच्या नावाचा प्रांत मागायला गाणं लागतं हे दोन्हीकडे एकाच वेळी चाललं होतं आणि दोघांना एकमेकांचा पत्ताही नसेल. आपलं 1960 ला मिटलं, त्यांचं वन युनिट 1970 ला गेलं. मधे 1967 ला इकडे भारतात सिंधीला आठव्या परिशिष्टात जागा मिळाली, जिथे सिंधींचं राज्यच नाही तिथे, आणि जिथे भाषेचं घर होतं तिथे लोक तिच्यासाठी मोर्चे काढत होते. हे मी आंटींना सांगितलं तर त्या नुसत्या हूं म्हणाल्या.

या चळवळीत जीजी गायला उभी राहिली. शेख अयाज यांच्या कविता तिने सभांत, जलशांत गायल्या. त्यातलं एक गाणं नक्की शोधा, सिंधडीवर डोकं कोण देणार नाही, टोमणा कोण सोसेल, अशा अर्थाचं. सिंधडी हे सिंधचं लाडाचं रूप, मुलीला हाक मारल्यासारखं. गाण्यातला मियार हा शब्द म्हणजे टोमणा, लोकांनी दिलेला बोल. खेडेगावातल्या बाईला बोल म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता ऐकताना हे करा, आधी मोर लावा आणि लगेच पाठोपाठ हे लावा. आवाज तोच. ओळ टाकायची पद्धत तीच, छोटी ओळ, वर उचललेला शेवट, म्हणजे मागच्यांना ती झेलता यावी. लाड्यात मागे वीस बायका झेलतात, इथे मैदानातली माणसं झेलतात. मी उलट्या क्रमाने ऐकलं तेव्हा मला हा आवाज कडक वाटला होता, पण तो कडक नाहीये, तो अंगणात लांबच्या बाईपर्यंत पोचायला लावलेला आवाज आहे, तोच तिने सभेत नेला. यासाठीच म्हटलं क्रम बदलू नका.

घरालाही याची किंमत पडली. मुलगी अख्तर बलोच कॉलेजच्या वयात 1970 ला तुरुंगात गेली, तिथे तिने लिहिलेली डायरी पुढे पुस्तक झाली. आणि 1979 मध्ये जनरल झियांच्या मार्शल लॉच्या विरोधात उभी राहिल्यामुळे खुद्द जीजी पकडली गेली, सुक्कुर आणि कराचीच्या तुरुंगात राहिली. चव्वेचाळीस वर्षांची शाळेतली बाई. नंतर सिंधियाणी तहरीक या बायकांच्या संघटनेच्या उभारणीतही ती होती. 1994 ला सरकारनेच तिला प्राइड ऑफ परफॉर्मन्स हा पुरस्कार दिला, सरकारं बदलतात तशी त्यांची आवडनिवडही बदलते. 25 ऑक्टोबर 2005 ला कराचीत ती गेली, मेंदूचा कॅन्सर होता.

शाह लतीफ सगळ्यात शेवटी का

कारण ते अवघड आहे आणि कारण ते सगळ्यात आवडतं व्हावं असं मला वाटतं. शाह अब्दुल लतीफ, 1689 ते 1752, सिंधमधल्या भिटचे. त्यांचा शाह जो रिसालो म्हणजे सिंधींची ज्ञानेश्वरी आणि गाथा एकत्रच म्हणा. तो सुरांमध्ये वाटलाय, एकेका सुरात एकेक कथा, आणि बऱ्याच कथांतून बोलणारी बाईच आहे. ससुई वाळवंटात नवऱ्याच्या मागे पायी निघालेली, मारुईला राजा उमरने उमरकोटच्या किल्ल्यात डांबलेलं आणि ती रेशीम नको म्हणते, मला माझ्या माळावरची माणसं द्या म्हणते.

भिटच्या दर्ग्यावर फकीर हे गातात, हातात दंबूरा, आणि आवाज चोरून एकदम वरच्या पट्टीत, बाईसारखा. म्हणजे पुरुषाने बाईच्या तोंडून लिहिलं आणि पुरुष बाईच्या आवाजात गातात. आपल्याला हे काही नवीन नाही, विराण्या आणि गवळणी काय आहेत मग. आधी ते फकीर पाच मिनिटं ऐका, दचकायला होईल, दचका. आणि मग जीजीने गायलेलं लतीफचं काही लावा. तिथे आवाज चोरावा लागत नाही. मारुई किल्ल्यातून बोलते तेव्हा सुक्कुरचा तुरुंग डोक्यात आल्याशिवाय राहत नाही, निदान माझ्या तरी.

रात्री ऐका, कामं उरकल्यावर. भांडी घासताना लतीफ ऐकू नये असं नाही, पण मग भांडी नीट निघत नाहीत.

सोबतीला आणखी कोण

थोडक्यात सांगते. थरच्या वाळवंटातली माई भागी घ्या, ढाटकी बोलीत गायची, लिहिता वाचता येत नव्हतं, खडी नीम हे तिचं गाणं. त्यातला हेकली हा शब्द पकडा, एकली, आपलीच. रुबिना कुरेशी गोड आवाजाची, जीजीच्याच काळातली, हैदराबाद रेडिओचीच. आणि या काठावरची हवी असेल तर भगवंती नावाणी, जन्म तिकडचा नसरपूरचा, फाळणीनंतर इकडे आली आणि मुंबईत नाव काढलं. प्रोफेसर राम पंजवाणींबरोबर ती कार्यक्रम करायची, हे प्रोफेसर मडकं वाजवत गायचे, घागरीवर अंगठीची टकटक. माई भागी आणि भगवंती दोघी 1986 सालीच गेल्या, एक तिकडे जुलैत आणि एक इकडे ऑक्टोबरात.

आणि शेजारी सिंधी म्हातारी असेल तर हे कराच

उल्हासनगर, पिंपरी, चेंबूर, कोल्हापूरजवळचं गांधीनगर, कुठेही असाल तर ही संधी आहे आणि ती फार दिवस राहणार नाहीये, फाळणी आठवणाऱ्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत.

गाणं म्हणून दाखवा असं म्हणू नका. लगेच लाजतात, गळा बसलाय म्हणतात, हे भजन ऐक म्हणतात. त्यापेक्षा फोनवर जीजीचा लाडा लावा आणि एक शब्द विचारा, आंटी हा शब्द काय आहे हो. मी तसंच केलं. आंटी पहिली दोन मिनिटं मान हलवत ऐकत होत्या, मग म्हणाल्या, ये लाइन ऐसी नहीं है, हमारे यहां दूसरी है, आणि स्टीलच्या ताटलीवर चमच्याने ताल धरून त्यांची ओळ म्हणायलाच लागल्या. हैदराबाद सोडलं तेव्हा सात वर्षांच्या होत्या. जीजी तेव्हा तेरा-एक वर्षांची असणार, त्याच शहराच्या आसपास. ओळ चुकली म्हणून भांडायला मिळालं की म्हातारं माणूस गातं हा माझा अनुभव.

माझं पहिलं रेकॉर्डिंग वाया गेलं ते सांगते म्हणजे तुमचं जाणार नाही. सिंधी घरात गेलं की पापड आणि पाणी पुढे येतं, ते नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. मी रेकॉर्डिंग सुरू करून फोन टीपॉयवर पापडाच्या ताटलीशेजारी ठेवला. घरी येऊन ऐकते तर सगळ्या लाडाभर माझंच कुर्रम कुर्रम, आंटी कुठेतरी लांब. तेव्हा आधी पापड खा, पाणी प्या, मग फोन काढा. पंखा बंद करायला सांगा, नाहीतर दोनवरून एकवर करा. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, टेबलावर नको, चमच्याचे ठोके टेबलातून फोनमध्ये शिरतात. कुकर लागलेला असेल तर शिट्ट्या होईपर्यंत गप्पा मारा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. आणि रेकॉर्ड करतेय हे आधी सांगा, नंतर कुणाला पाठवायचं झालं तर पुन्हा विचारा, काही ओळी सासरच्या माणसांबद्दल असतात आणि ती माणसं अजून हयात असतात.

शब्द उतरवताना देवनागरीत उतरवा, आंटींच्या पिढीतल्या पुष्कळ जणींना अरबी सिंधी वाचता येते पण त्यांच्या नातवंडांना नाही. ॿ आणि ॾ ची खालची रेघ सोडू नका, फोनवर सापडत नसेल तर साधा ब लिहून खाली पेनाने रेघ मारा, वहीच आहे. शेवटचे बारीक उ इ पण लिहा. आणि दोन रकाने करा, एकात जीजीची ओळ, दुसऱ्यात आंटींची. माझ्या वहीत एका लाड्याच्या चार ओळी जुळतात आणि पाचवीपासून दोघी दोन दिशांना जातात, जीजीची नवरी बागेत जाते आणि आमच्या आंटींची विहिरीवर. कुणाची बरोबर असं विचारलं तर आंटी म्हणाल्या, विहीर आमच्या घराच्या मागेच होती.

फाइलला नाव त्याच दिवशी द्या. लाड्याची पहिली ओळ, गाणारीने तो कुठे आणि कुणाकडून शिकला, कुणाच्या लग्नात शेवटचा गायला, तारीख. माझ्या फोनमध्ये अजून न्यू रेकॉर्डिंग 14 आणि न्यू रेकॉर्डिंग 15 अशा दोन पडल्यात, त्यातल्या एकीत मागे कुणीतरी दुसरीच बाई गातेय आणि ती कोण हे आता आंटींनाही आठवत नाही.